दोष आधी सांगणारा मेहुणा

माझ्या मेहुण्याने मला फसवलं. हे मी बायकोच्या देखत लिहितो आहे; तिला यावर काय बोलायचं ते तिने खुशाल बोलावं. सिंगापूरच्या बंदरात येणाऱ्या जहाजांना मी कांद्या-बटाट्यापासून दोरखंडापर्यंत सगळं पुरवतो. हार्बरफ्रंटला एका टेबलाचं ऑफिस, आणि ते टेबलसुद्धा मी अर्ध्या किमतीत घेतलेलं. ग्रीक कप्तान, कोरियन स्टोअरकीपर, तुआसचे गोदामवाले, सगळे नग पचवून मी उभा राहिलो. पोत्यामागे दहा सेंट सुटावेत म्हणून भर उन्हात तास तास भांडलो आहे. या माणसाला बोटीतून पाण्यात ढकलता येईल, पण फसवता येणार नाही, असा बंदरात माझा लौकिक होता. तो घालवणारा माणूस जगात एकच निघाला, आणि तो माझ्याच घरात राहून माझ्याच हातचा चहा पीत होता.

हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. जहाजावरचा इंजिनिअर. समुद्राचा कंटाळा आला म्हणून त्याने तुआसच्या एका रिपेअर यार्डात जमिनीवरची नोकरी धरली आणि खोली मिळेपर्यंत म्हणून आमच्या सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये उतरला. खोली काही मिळाली नाही. माझ्या मते त्याने ती शोधलीच नाही, आणि बायकोच्या मते हे वाक्य मी त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायला नको होतं. जमिनीवर राहत होता खरा, पण जमीन त्याला मनापासून मान्य नव्हती. आल्या आल्या त्याने आमचा टीव्ही दोरीने भिंतीला बांधून टाकला. "अरे बाबा, अकराव्या मजल्याला लाटा लागत नाहीत," मी म्हणालो. तो दोरीची गाठ आवळत म्हणाला, "भावोजी, लागल्या तर?" महिन्यातून एकदा तो आग लागल्याची रंगीत तालीम घ्यायचा. शिट्टी वाजली की गॅस बंद, चपला पायात, आणि जिन्याने खाली. पहिल्या वेळी शेजारची चिनी आजी खरंच आग लागली समजून पक्ष्याचा पिंजरा घेऊन आमच्याबरोबर अकरा मजले उतरली. मला वाटलं, आता ही तक्रार करणार. तर पुढच्या महिन्यात तिनेच दार वाजवून विचारलं, या वेळी शिट्टी कधी?

अशा माणसाच्या हातात आमच्या सईच्या शाळेची नियमांची पुस्तिका पडली. सई आमची एकुलती एक. तेव्हा सेकंडरी टूमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या आठवीत, घराजवळच्या सरकारी शाळेत. ती पुस्तिका आम्ही नवराबायकोने सही करून मिटून ठेवली होती. याने एका रविवारी पोह्यांची बशी मांडीवर घेऊन ती अथपासून इतिपर्यंत वाचली आणि चष्मा काढून म्हणाला, "भावोजी, काय सुंदर लिहिलंय हो!" केस कॉलरला टेकले तर बांधायचे, बांधायची पट्टी काळी किंवा गडद निळी, बटा भुवयांच्या वर, मोजे घोट्याच्या वर, नखं कापलेली, कानात एकेकच साधा खडा. फोन सकाळी वर्गात शिरताना दाराजवळच्या डब्यात ठेवायचा आणि शाळा सुटताना घ्यायचा. दुसऱ्या दिवसापासून सईची दारात तपासणी सुरू झाली, टॉर्च लावून.

"मामा, इट्स ब्लॅक, ला!" सई केसांची पट्टी ओढून दाखवत इथल्या सिंगापुरी इंग्रजीत कळवळायची.

"उजेडात ये. हा काळा नाही. हा काळपट आहे."

"सेम थिंग, व्हॉट!"

"इंजिनच्या तेलाबद्दल असं म्हणून बघ."

त्यातच मी सईचे बूट आणले. शाळेला बूट टाचेपासून लेसपर्यंत पांढरे लागतात. मॉलमधल्या दुकानदाराशी मी अशी घासाघीस केली की तो शेवटी "अंकल, टेक, टेक" म्हणत बूट माझ्या हातात कोंबून आत निघून गेला. विजयाने घरी आलो, तर मेहुण्याने बूट उलटा केला. तळव्याच्या कडेला एक बारीकशी निळी रेघ होती. "एवढी रेघ कोण बघतंय?" मी म्हणालो. तो म्हणाला, "भावोजी, बघणारा रेघच बघतो. पांढरा भाग बघायला त्याला पगार कशाला देतील?" मग त्याने यार्डातून जहाजाच्या बाहेरच्या अंगाला लावतात तो पांढरा रंग आणला आणि रेघेबरोबर अख्खा बूटच रंगवून काढला. बूट असा कडक झाला की सई आठवडाभर बगळ्यासारखी पाय उचलत शाळेत गेली. पुढे ते बूट लहान झाले म्हणून टाकावे लागले. फाटणं त्यांना शक्यच नव्हतं.

पण त्याची सगळ्यात वाईट खोड वेगळीच होती. हा माणूस स्वतःचे दोष स्वतःच सांगत सुटायचा, आणि स्वतःचे संपले की माझे. घरमालकाचा एजंट फ्लॅट बघायला यायचा होता तेव्हा मी बाथरूममधल्या तडकलेल्या बेसिनपुढे कपड्यांची टोपली ठेवली होती. एजंट बूट काढतोय तोवर मेहुण्याने त्याचा हात धरला, "या, आधी बेसिन बघा," म्हणत टोपली बाजूला सारली, मग गळकी खिडकी दाखवली, मग दाराची सैल बिजागरी. एजंट इतका भांबावला की पुढचं काही न तपासताच चहा पिऊन गेला. मी मेहुण्यावर तोंड सोडलं. तो शांतपणे म्हणाला, "जहाजावर तपासनीस चढला ना भावोजी, की त्याच्या हातात कप द्यायच्या आधी आपले दोष आपण सांगायचे. आपण सांगितला तर नुसता शेरा बसतो. त्याने शोधला तर जहाज अडकतं."

"हे घर आहे! जहाज नाही!"

"म्हणून तर टोपलीवर भागलं तुमचं."

आता फोनची गोष्ट. सई या शाळेत गेली तेव्हा पहिलं वर्षभर एकटी होती. मधल्या सुट्टीत कँटीनच्या कोपऱ्यात बसून डबा खायची आणि घरी येऊन सगळं छान आहे म्हणायची. मग तिला नेटबॉलच्या टीममध्ये घेतलं, आणि पोर बदलली. टीम म्हणजे तिच्या मैत्रिणी, टीम म्हणजे तिची सुट्टी, टीम म्हणजे तिचं सिंगापूर. शाळेत कुठे बेशिस्तीचा शेरा बसला तर टीममधून नाव कमी होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

एका संध्याकाळी जेवताना सईच्या दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यातून माझा जुना, केव्हाच मेलेला फोन घसरून खाली पडला. तिने तो माझ्याकडून मागून नेला होता, आणि धंद्यातला माणूस मोडीत निघालेल्या वस्तूची चौकशी करत नाही. मेहुण्याने तो उचलला, उलटसुलट केला आणि विचारलं, "बंद फोन इतका पुसून कशाला ठेवलायस?" तो माझ्याकडे वळून म्हणाला, "बंद पडलेली वस्तू चकचकीत दिसली की समजायचं, ती तपासणीसाठी ठेवलीय." शाळेच्या डब्यात रोज सकाळी माझा मेलेला फोन जात होता आणि सईचा जिवंत फोन तिच्या खिशात राहत होता.

"एव्हरीबडी आल्सो डू, मामा!" सईचे डोळे भरले.

"उद्या जाऊन सांगून टाकूया," तो म्हणाला.

मी ताटावरून उठलोच. "वेडा आहेस का? टीम जाईल तिची! उद्यापासून खरा फोन ठेवेल, विषय संपला. कुणाला कळणार आहे?"

"कळतं, भावोजी."

"तू तोंड उघडायचं नाहीस. बस्स!"

सई हुंदके देत होती. त्याने तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बरं, भावोजी." मी खाली बसून जेवलो. जगात मी कुणाच्या तोंडी शब्दावर विश्वास ठेवला असेल तर तो हा एक.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात शाळेचा फोन आला. शिस्त सांभाळणाऱ्या मॅडमना मला भेटायचं होतं. बिंग फुटलं, एवढं मी ओळखलं. टॅक्सीत बसून मी सौदा मांडला. मागणी अशी की फोन आजच परत आणि शेरा नको. शेवटी तुटायचं ते फार तर एका आठवड्यावर. मॅडम चिनी, किरकोळ अंगाच्या, आणि टेबलावर एक कागद वाकडा नव्हता. त्यांनी बोलायच्या आधीच मी सुरू केलं. "मॅडम, सकाळची गडबड. माझा जुना फोन टेबलावर पडलेला असतो. पोरीने घाईत चुकून तो उचलला."

"चुकून," मॅडम म्हणाल्या. "रोज?"

मी खिशातून माझं कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

"तुमची मुलगी आणि तिचे मामा सकाळी सातलाच माझी वाट बघत गेटपाशी उभे होते," त्या म्हणाल्या. "तिने सगळं सांगितलं."

"तिने? मामाने नव्हे?"

"मामा मागे उभे होते. टोपी काढून."

मला काय वाटलं ते मी इथे लिहीत नाही. पण सवयीचा माणूस, तोंडातून निघालंच, "फोन एका आठवड्यात द्या, मॅडम." त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघितलं. "तुमचे मेहुणे म्हणत होते, वर्ष संपेपर्यंत ठेवा. मी त्यांना एका टर्मवर आणलं." उभ्या आयुष्यात असा सौदा पाहिला नव्हता. समोरची पार्टी माझ्या बाजूने भाव पाडत होती, आणि माझाच माणूस चढवत होता.

"आणि टीम?" मी विचारलं.

"तिने स्वतः येऊन सांगितलं. टीमला धक्का नाही."

संध्याकाळी मी दारातच त्याला गाठलं. "काल 'बरं' म्हणालास ना? खोटारड्या!" तो बुटाच्या लेस सोडत खाली बघून म्हणाला, "म्हणालो, आणि गप्पच बसणार होतो. सकाळी हिने मला उठवलं."

मी सईकडे वळलो. "मला का नाही उठवलंस?"

ती हळूच म्हणाली, "यू विल बार्गेन, बाबा."

मी आत जाऊन चहा टाकला.

थोड्याच दिवसांत शाळेने सगळ्या वर्गांतले डबे उघडून एकेक फोन सुरू करून बघितला. बरेच मेलेले निघाले. टीममधल्या दोन मुली त्या मोसमापुरत्या बाहेर गेल्या, आणि चहाडी सईनेच केली असं ठरलं. तिने कुणाचंही नाव घेतलं नव्हतं. पुन्हा कँटीनचा कोपरा, पुन्हा एकटा डबा. टीम हातात होती आणि टीममध्ये तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. मी मेहुण्याला नाही नाही ते बोललो. यार्डाच्या बसची वाट न बघता तो ट्रेनने लवकर यायला लागला आणि जेवणाच्या टेबलावर सईसमोर बसायला लागला. फोन नाही, म्हणून तीही बसायची. तिची मराठी अर्धी तुटकी, त्याचं इंग्रजी सगळं इंजिनाचं, पण दोघं बोलत राहायची. कोण पास देत नाही, कोण बघून न बघितल्यासारखं करते, कोचने काय म्हटलं. मी शेजारी बसून भात कालवत ऐकायचो. माझ्या पोरीचं शाळेतलं आयुष्य मला असं उष्ट्या हाताने ऐकायला मिळालं. एका शनिवारी बाहेर गेलेल्या दोघींपैकी एक दारात उभी राहिली. सईने कुणाचं नाव घेतलं नव्हतं हे तिने मॅडमनाच विचारून घेतलं होतं. मेहुण्याने दोघींना आम्लेट करून घातलं, आणि त्या दिवशी आमच्या घरात एवढा कलकलाट झाला, तरी मी चिडलो नाही.

टर्म संपली, सईचा फोन परत मिळाला, आणि त्याच सुमारास मेहुण्याला जहाज मिळालं. जमिनीचा कंटाळा आला म्हणाला. मी कामावर असताना गेला. त्याचं जहाज दोन दिवस बाहेर नांगरावर होतं आणि माझ्याकडे त्यांची भाजीची ऑर्डर होती. एरवी माझी कामाची पोरं जातात, त्या दिवशी बोटीतून मी स्वतः गेलो. वाटभर वाक्य जुळवत होतो. आभार मानायची सवय नाही, कुठून सुरू करायचं तेच कळेना. जहाजाचा काळा कठडा इमारतीएवढा वर, आणि वरून तो बॉयलरसूट घालून वाकलेला. "अरे, ऐक!" मी ओरडलो. इंजिनांचा आवाज असा की माझं मलाच ऐकू आलं नाही. त्याने कानामागे हात धरला, माझ्याकडे नीट निरखून बघितलं आणि ओरडला, "भावोजी, लाइफजॅकेटचा खालचा पट्टा!" मी पट्टा बांधला. मान वर केली तोवर त्याला कुणीतरी आत बोलावून घेतलं होतं.

आता तुम्हीच सांगा. आमच्या धंद्यात आधी माल दाखवतात, मग भाव सांगतात, मग घासाघीस, आणि मग हात मिळवतात. या माणसाने भाव सांगितलाच नाही. माझ्या पोरीची टीम राखली, मला माझी पोर बोलताना ऐकवली, आणि मी तोंड उघडायच्या आत समुद्रात निघून गेला. याला फसवणूक म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? फोनवर विचारलं तर "आवाज कट होतोय, भावोजी," म्हणतो. चालणार नाही. त्याने इथे यावं, माझ्यासमोर बसावं, आणि याचं काय घ्यायचं ते स्वतःच्या तोंडाने सांगावं. जो आकडा सांगेल त्यावर मी एक शब्दही बोलणार नाही.