टाकीच्या आतून कोणीतरी ठोकत होतं

प्रशांतच्या हातातला गॅस कटर पेटलेला होता आणि मी त्याच्यासमोर लोखंडी टाकीवर चढून बसले होते. "आधी मला काप," म्हटलं.

"आई, उतर खाली. शेठ हसतोय."

"हसू दे."

प्रशांत माझा मुलगा. भोपाळला गोविंदपुऱ्यात एका भंगाराच्या शेडमध्ये तो लोखंड कापतो, मी तिथेच तांबं-पितळ वेगळं करते. गुजरातच्या किनाऱ्यावर जुनी जहाजं तोडतात, त्यातला थोडा माल ट्रकने आमच्याकडे येतो. ही तेलाची टाकी तशीच आलेली. झाकण गंजून घट्ट बसलेलं. ते उघडण्यात दुपार गेली असती, म्हणून शेठ म्हणाला, "खाली है, सीधा काट दो."

मी चौथी शिकले. भूतखेत मानत नाही — नवरा गेला तेव्हा पिंडाला कावळा शिवतो की नाही, तेही बघत बसले नाही. पण जेवणाचा डबा टाकीवर टेकवला, तर आतून ठक् ठक् आलं... मी डब्याने दोनदा ठोकलं. आतून दोनदा. मी तीनदा ठोकलं. आतून तीनदा. तेवढ्यात प्रशांतने कटर पेटवला, आणि मी वर चढले.

"अम्मा, धूप में लोहा बजता है," शेठ म्हणाला.

टाकी सावलीत होती. आणि ऊन काय मोजून उत्तर देतं?

"हाथ लगा के देखो," मी म्हटलं. त्याने हसत हात टेकवला. हसू थांबलं. हात झटकन मागे. "खोल दो," एवढंच बोलला. आज विचारा, शपथेवर सांगेल की काही ऐकलं नाही!

प्रशांतने कटर विझवून बाहेर ठेवला, पान्याने एकेक नट सोडवला. झाकण सरकलं तसा असा उग्र वास आला की डोळ्यांतून पाणी. आत गॅस कोंडलेला होता. ज्योत लागली असती तर शेड उडाली असती. प्रशांत भिंतीला टेकून खालीच बसला.

टाकीच्या तळाला काळा चिखल. माणूस नाही, उंदीर नाही, सुटा नटसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी शेठ नारळ, अगरबत्ती घेऊन हजर. मी म्हटलं, "नारियल से टंकी नहीं धुलती. पानी का पाइप लगाओ." नारळ घरी नेला, चटणी केली. तेव्हापासून आमच्याकडे बंद वस्तू उघडून, धुऊनच कापतात. मध्ये एका संस्थेची मंडळी येऊन सांगून गेली — जहाजांचं लोखंड पुन्हा वापरलं की पृथ्वी वाचते. वाचू दे ना! पण कापणाराही वाचला पाहिजे, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलं.

ठोकलं कोणी? मला माहीत नाही. म्हातारीला वेड्यात काढायचं तर काढा, मी ऐकलं ते ऐकलं.

त्या दुपारी शेडमध्ये प्रशांत, शेठ आणि मी होतो. तिघंही जिवंत आहोत.