टाळी विरेपर्यंत चार

घरात आम्ही तिघं. दोघांना ही गोष्ट ठाऊक नाही, आणि तिसरा मी — मीसुद्धा ती पूर्ण वाक्यात कधी उच्चारलेली नाही. आज उच्चारतो. ऐकून मला समजून घेऊ नका. त्यासाठी सांगत नाहीये.

विषय एका हॉलचा आहे. कंपनीच्या कार्यक्रमासाठी मी निवडलेला हॉल. हसू आलं? हॉल निवडण्यात कसलं आलंय पाप? थांबा जरा.

मी रोह्याच्या एका कारखान्यात प्रशासन विभागात आहे, राहतो पेणला. बाहेर कार्यक्रम असला की जागा मी बघतो, आणि नीट बघतो. फोटो पाहून होकार देणाऱ्यांतला मी नाही. टेप घेऊन जातो. पडद्यापासून शेवटची खुर्ची किती फुटांवर, मध्ये खांब येतो का, सकाळी अकराला कुठल्या खिडकीतलं ऊन पडद्यावर पडतं, थ्री-फेज वीज आहे का, ती गेली तर जनरेटर किती सेकंदांत उचलतो — सगळं लिहून घेतो. आणि शेवटी रिकाम्या हॉलच्या मधोमध उभा राहून एक टाळी वाजवतो. ती विरेपर्यंत मनात आकडे मोजायचे. एकाच्या आत विरली तर माइकवरचा शब्द न् शब्द कळतो. तीनच्या पुढे गेली तर स्पीकर कितीही भारी आणा, शब्द एकमेकांवर चढतात आणि नुसता गलका उरतो.

ही टाळी मला कुणी शिकवली नाही. तिचा मला अभिमान होता. आजही आहे — लपवून काय करू?

त्या वर्षी मुंबईहून मोठे साहेब येणार होते. आधी कंपनीवरची फिल्म, मग खुला संवाद. कामगाराने माइकवर यायचं, प्रश्न विचारायचा, साहेबांनी तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. आणि साहेब लोकांसमोर हो म्हणाले की ते होतं, हे सगळ्या कारखान्याला माहीत होतं.

आठवडाभर आधी दत्ताराम माझ्या टेबलाशी आला. गडब गावचा माणूस, कॉम्प्रेसर हाउसमध्ये एकोणीस वर्षं. त्या खोलीत शेजारी उभी असलेली माणसंही हातवारे करून बोलतात, इतका आवाज. त्याला ऐकू येणं कमी होत चाललं होतं. समोर बसून, तोंड दिसेल असं सावकाश बोललं तर त्याला कळायचं. गोंधळात काहीच नाही.

"भाऊ, येक परश्न लिवून द्या ना. माझं अक्षर बघून साहेब घाबरंल."

"काय विचारायचंय?" मी मोठ्याने म्हणालो.

"सलग आठ तास नको. चार-चार तासांची पाळी करा, नि आमचे चौघांचे कान तपासा. माझे गेले ते गेले. बाकीची तिघं अजून जवान हायत."

मी लिहून दिलं. चार ओळी, स्वच्छ, मुद्देसूद. त्याने घडी घालून खिशात ठेवली. आणि तो जिना उतरायच्या आत मला भीती वाटली. साहेबांनी विचारलं तर — हा कागद कुणी लिहून दिला? दत्तारामला खोटं बोलता येत नाही. तो सरळ माझ्याकडे बोट करेल. मग?

बघितलेले हॉल दोन होते. रोह्याचा — छत बुटकं, जाड पडदे. टाळी एकाच्या आत विरली. पेणचा — वर पत्रा, खाली गुळगुळीत फरशी. तिथे मी चारपर्यंत मोजलं.

मी पेणचा निवडला.

अहवालात लिहिलं: पडदा दहाऐवजी चौदा फुटांचा, मध्ये खांब नाही, विजेचा भार पुरेसा, गाड्या लावायला दुप्पट जागा. एकही आकडा खोटा नाही. फक्त टाळीची ओळ नाही. आधीच्या प्रत्येक अहवालात ती होती. या एकात नव्हती. ती कुठे गेली, असं कुणी विचारलं नाही. तुम्हाला वाटेल, वरून कुणी सुचवलं असेल. नाही. मॅनेजरने अवाक्षरही काढलं नव्हतं. हे माझं एकट्याचं काम, आणि ते मी कुणाबरोबरही वाटून घेणार नाही.

फिल्म झकास दिसली. मग दत्ताराम माइकवर आला. त्याने कागद वाचला. पत्र्याखाली त्याचं वाचणं घुमलं आणि चुरा झालं. मी स्टेजच्या पायरीशी उभा होतो, म्हणून मला पुढचं नीट ऐकू आलं. साहेबांनी विचारलं, "कानात घालायची बुचं मिळतात ना तुम्हाला?"

माइक साहेबांच्या तोंडापुढे. ओठ दिसत नव्हते. दत्तारामने मान पुढे काढली. मग म्हणाला, "व्हय."

बुचांचं खोकं स्टोअरमध्ये पडून होतं. फोडलेलंही नव्हतं.

"मग आता त्रास नाही?"

"व्हय, व्हय."

"म्हणजे प्रश्न मिटला."

"व्हय साहेब."

पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "बस रे दत्त्या, मिटला तुजा परश्न!" हशा झाला. टाळ्या पडल्या. मी पण वाजवल्या.

जेवणाच्या रांगेत तो ताट घेऊन माझ्याजवळ आला. "भाऊ, साहेब काय बोल्ला, कायच समाजला नाय. हॉलला नाव ठेवायची सोय नाय, केवडा तो पडदा! माझेच कान गेले."

पाचव्या रांगेच्या मागे कुणालाच काही कळलं नव्हतं. धडधाकट कानांच्या लोकांनाही नाही. एवढं सांगायला किती वेळ लागला असता? मी म्हणालो, "जेवून घ्या आधी."

पाळी आठ तासांचीच राहिली. माझी खुर्चीही राहिली. पुढच्याच अहवालात टाळीची ओळ परत आली, आणि तेव्हापासून ती एकदाही चुकलेली नाही. दत्तारामने नंतर कधी काही विचारलं नाही. कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसतो. कुणी काहीही बोललं तरी हसतो आणि आधी व्हय म्हणून टाकतो.

माफी? मागितली नाही, मागणारही नाही. ती कशी होईल ते मला ठाऊक आहे. बसच्या घरघरीत मी सगळं सांगेन — हॉल, टाळी, कागद — आणि तो हसून म्हणेल, व्हय भाऊ, व्हय. तसली माफी मला नको.