कोरे सरांचा अकराचा तास

कोरे सर दोन दिवस खोलीत मरून पडले होते आणि कुणाला पत्ताच नव्हता, असं जे ग्रुपवर फिरतंय ना, ते साफ खोटं आहे.

फॉरवर्ड करणाऱ्यांनी आधी मला तरी विचारायचं.

सर पहाटे गेले. अकरा वाजून गेल्यावर दार उघडलं. मधे गेली ती एक सकाळ.

कसं कळलं, ते सांगते.

वडवणीच्या कॉलेजात कोरे सर आम्हाला लोकप्रशासन शिकवायचे.
आम्हाला म्हणजे मला. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला त्या विषयाला मी एकटीच होते.

नव्वदचं दशक. उदारीकरण, खाजगीकरण असले शब्द नुकतेच पेपरात यायला लागलेले. ज्याला त्याला बीडला जाऊन कम्प्युटर शिकायचा होता. ऑफिसं कशी चालतात, कोण कुणाच्या हाताखाली, हे शिकून कुणाला काय करायचं होतं?

सर विभागप्रमुख. विभागात दुसरं कुणीच नाही.
"आपल्या विभागात मतभेद नाहीत," म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

अकराचा तास. सर आधी डस्टर आपटायचे, शांतता करायला. बोलत कोण होतं देव जाणे!
मग हजेरी.
"रोल नंबर एक?"
"हजर, सर."

लोकप्रशासनाला प्रॅक्टिकल नसतं. मला होतं. सर एसटी स्टँडवर नेऊन बाकड्यावर बसवायचे.

"सांग, इथं सगळ्यात वरचं पद कुणाचं?"
"कंट्रोलरचं."
"आणि धारूरची गाडी सुटते कधी?"
"ड्रायव्हर-कंडक्टरचा चहा झाला की."
"मग गाडी कुणाच्या हातात? चहावाल्याच्या. पण हे पेपरात लिहू नकोस, मार्क कापतील."

संघटनेच्या व्याख्या पुस्तकात ढीगभर होत्या. सरांची स्वतःची एकच, आणि ती त्यांनी फळ्यावर कधी लिहिली नाही.

"तू आली नाहीस तर ज्यांचं काम अडतं, ती तुझी संघटना. बाकी नुसती गर्दी."

एकदा मला ताप आला. तीन-चार दिवस कॉलेज बुडलं. तर भर उन्हात सर सायकल हाणत आमच्या गावात, थेट दारात.

दादा, म्हणजे माझे वडील, घाबरलेच. "सर, तुमी कावून आले एवढ्या उन्हाचं? पोरीनं काही केलं का?"

"आख्खा वर्ग गैरहजर आहे," सर म्हणाले.

दादांना काही कळेना. माय चुलीपाशी खुदकन हसली. "आवं, हीच हाय न्हाई का वर्ग!"

चहा झाला. मग दादांनी विषय काढला. "सर, हिला कम्प्युटरला टाकावं म्हणतो. बीडला. लई मागणी हाय म्हणतेत."

मी आतल्या खोलीत गोधडीत. कॉलेजात सगळ्यांना माहीत होतं, मी गेले की विषय बंद, आणि विषय बंद की सर सरप्लस. दुसरीकडं कुठं घेतील, घेतील का, काही भरवसा नाही.

सर म्हणाले, "टाका की. चांगलं आहे तिच्यासाठी."

बस्स. स्वतःबद्दल एक अक्षर नाही. उठले, चप्पल घालायला लागले.

मी आतूनच ओरडले, "मी न्हाई जाणार! मला हेच शिकायचंय!"

दादा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मी पास झाले. पुढच्या वर्षी त्या विषयाला कुणीच आलं नाही. सरांची नोकरी वाचली, तास गेला. परीक्षा विभागात बसवलं त्यांना. खडू सुटला तो सुटलाच.

लग्न केलं नाही सरांनी. धारूरला भावांचं किराणा दुकान, पण जाणं-येणं तुटलेलं. रिटायर झाल्यावरही वडवणीतल्या त्याच भाड्याच्या खोलीत राहिले.

मी पुण्यात एचआरमध्ये. मोठी कंपनी. कोण कुणाला रिपोर्ट करतं, त्याचे चार्ट मीच बनवते. माझा फ्लॅट, मी आणि लॅपटॉप. मी मीटिंगला आले नाही तर मीटिंग माझ्याशिवाय सुरू होते, कुणी विचारतसुद्धा नाही.

हे एकदा सरांना फोनवर बोलले. बोलता बोलता रडले.

सर म्हणाले, "उद्यापासून अकराचा तास सुरू."

तेव्हापासून रोज अकराला सरांचा मिस्ड कॉल. मी उलट मिस्ड कॉल द्यायचा. ती हजेरी. बोलायचं काही नाही. मीटिंगमध्ये असले तरी टेबलाखालून द्यायचे. कितीतरी वर्षं चाललं हे.

परवा अकराला फोन वाजला नाही.

पाच मिनिटं थांबले. मी केला, उचलला नाही. परत केला. मग खाली राहणाऱ्या घरमालकीणबाईंना लावला. "काकू, वर जा. आत्ता जा."

त्या म्हणाल्या, "आगं झोपले असतेन."

म्हटलं, "अकराला सर झोपत नाहीत. दार तोडा."

काल माती झाली. सर लिंगायत, त्यांच्यात बसवून नेतात. सर ताठ बसले होते, तासाला बसायचे तसेच. माणसं थोडीच. धारूरचे भाऊ आले होते, बाजूला उभे होते. एकमेकांना विचारत होते, आता पुढं काय, कोण सांगणार.

त्यातल्या थोरल्यानं मला विचारलं, "बाई, तुमी कोण लागता त्यांच्या?"

काय सांगू? मुलगी नाही, नात्यातली नाही.

"मी त्यांचा वर्ग," म्हटलं.

त्यांना कळलं नाही. पण बाजूला सरकून त्यांनी मला पुढं जाऊ दिलं. मी मूठभर माती टाकली.

आज अकरा वाजता फोन हातात घेऊन बसले होते. वाजणार नाही हे माहीत होतं. तरी बसले.

सर, काल आख्खा वर्ग हजर होता.

तास संपला. या आता.