वालूरच्या गुरुजींचा फुकटचा कोश

फुकट वाटून लोकांना इतका नकोसा झालेला माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरा नसेल. मुलांनो, वालूरचे टायपिंगवाले गुरुजी तुम्ही पाहिले आहेत. मागच्या खेपेला या आजीकडे आलात तेव्हा टोपीतले एक गृहस्थ तुमचा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते आणि तुमची आई स्वयंपाकघराच्या दारातून "त्यांना हात लावू देऊ नका" म्हणून खुणावत होती, तेच ते. टायपिंगची यंत्रं भंगारात गेल्यावर गुरुजी संगणकाकडे वळले आणि तिथे त्यांना लिनक्स भेटलं, म्हणजे संगणक चालवणारी एक फुकटची व्यवस्था. जगभरची माणसं फावल्या वेळात प्रोग्राम लिहितात, कुणालाही वापरायला देतात, उघडून बघायला आणि बदलायलाही देतात, हे कळल्यावर त्यांना जो आनंद झाला, तो पोरीच्या लग्नातही झाला नसावा. मग त्यांनी दिसेल त्याच्या संगणकावर लिनक्स घालायचा सपाटा लावला. आमच्या गल्लीतला औषध दुकानदार तर महिनाभर हाताने बिलं लिहीत होता, कारण नव्या व्यवस्थेत त्याचा प्रिंटर मुका झाला होता.

"अहो गुरुजी, पैलं बी फुकटातच टाकून घेतलं होतं की मी!"

"ते चोरीचं हाय. हे दिलेलं हाय. फरक कळंना का तुमाला?"

"मला बिल निघंना, एवढं कळायलंय."

गुरुजींना राग येत नसे. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा जात आणि प्रिंटरपुढे बसत. दुकानदार त्यांना चहाही विचारत नसे.

त्या फुकटच्या जगात गुरुजींना शब्दकोश सापडले. शब्द टाइप केला की अर्थ हजर, इंटरनेट नसलं तरी. पण आपल्या बोलीचा एकही नव्हता. म्हणून त्यांनी तो स्वतः करायला घेतला आणि त्यात अकरा वर्षं घातली. नियम असा, की तीन गावांतल्या तीन तोंडांतून शब्द ऐकल्याशिवाय कोशात घ्यायचा नाही. एका शब्दाच्या तिसऱ्या तोंडासाठी ते दोनदा एसटीने पाथरीला जाऊन आले. पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेले, तेव्हा बायकोला रांगेत उभी करून शेळ्यांवरून भांडणाऱ्या एका बाईच्या मागे वही घेऊन निघाले. ती भांडण थांबवून म्हणाली, "तुमी पोलिसातले हाव का?" गुरुजी म्हणाले, "न्हाई माय, तुमी बोला. लय चांगलं बोलायलाव." त्यावर तिने त्यांना जे सुनावलं, त्यातले चार शब्द कोशात आहेत. काकूंचं दर्शन झालं, गुरुजींचं राहिलं.

इंग्रजी अर्थ लिहायचं काम माझ्याकडे होतं. कॉलेजात तीस वर्षं इंग्रजी शिकवलेली बाई एवढ्या टापूत मीच, म्हणून दर मंगळवारी चार वाजता गुरुजी वही घेऊन हजर. मी अर्थ दिला की ते मान हलवत. 'बैजवार'ला मी 'प्रॉपरली' लिहिलं, तर म्हणाले, "न्हाई बाई. बैजवार मंजे नुसतं नीट न्हाई. त्यात घाई नसती, आन कुणाचं भ्या बी नसतं." तो एक शब्द तीन मंगळवार चालला.

विद्वानांनी काय केलं म्हणाल, तर एका सभेत गुरुजींना शाल दिली. बोलीभाषा जपली पाहिजे, यावर चौघे तासभर बोलले. कोश आपल्या संगणकात घेता का, असं गुरुजींनी एकेकाला विचारलं, तेव्हा चौघांनाही एकदम गाडीची वेळ झाली.

शेवटी दाद दिली ती, गुरुजींनी इंटरनेटवर ठेवलेला कोश पाहून, परदेशातल्या एका अनोळखी माणसाने. त्याने कोशाचं पॅकेज बांधलं आणि लिनक्सच्या मोठ्या भांडारात ठेवलं. आता जगात कुठेही एक ओळ टाइप करावी आणि आपली बोली त्या मशीनवर उतरावी! गुरुजींनी गल्लीत पेढे वाटले. नातू झाला असं समजून बहुतेकांनी अभिनंदन केलं.

गेल्या वर्षी त्या भांडारातून मला मेल आली. गुरुजींचा इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याच पत्त्यावरून चाले. तो परदेशी माणूस काम सोडून गेला होता. कोश सांभाळायला कुणी तयार असेल तर महिन्याच्या आत एक ओळ लिहून कळवा, काम आम्ही शिकवू. नाहीतर काढून टाकावा लागेल, असा मजकूर होता. मी गुरुजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बाई, तुमी लिवा. बैजवार लिवा."

मी लिहिलं. एक ओळ मागितली होती, मी चार पानं लिहिली. निजामाच्या राजवटीपासून सुरुवात केली. पहिला खर्डा पसरट वाटला, दुसऱ्यात पुनरुक्ती झाली, तिसऱ्यातल्या एका स्वल्पविरामावर दोन दिवस अडले. पाचवा खर्डा पाठवला तेव्हा महिना उलटून नऊ दिवस झाले होते. उत्तर सभ्य होतं आणि दोनच ओळींचं. कोश काढला आहे. पुन्हा ठेवायचा तर नव्याने अर्ज, नव्याने तपासणी.

हे मी गुरुजींना सांगितलं नाही. त्यांच्या मशीनवरचा कोश उघडत होताच. एकदा उतरवून घेतलेला जात नाही. चार महिने ते विचारत राहिले, "कळालं का काही?" आणि मी म्हणत राहिले, "बघतायत."

मग वालूरच्या शाळेत नवे संगणक आले आणि गुरुजी मला हौसेने सोबत घेऊन गेले. चाळीस पोरांसमोर त्यांनी कोश उतरवायची ती ओळ टाइप केली. असं पॅकेज नाही, असं मशीनने कळवलं. त्यांनी पुन्हा टाइप केली. मग वायर काढून घातली, फुंकर मारली, पोरांना म्हणाले, "लाईन गंडलीय." मास्तर घड्याळ बघायला लागले. गुरुजींनी पाचव्यांदा टाइप करायला घेतलं, तेव्हा मी पुढे होऊन त्यांचा हात धरला आणि तिथेच सगळं सांगितलं.

ते उठून बाहेर आले. चपला घालता घालता म्हणाले, "मला वाटलं, आपले शब्दच त्येंच्या पसंतीला उतरले न्हाईत." मग म्हणाले, पत्र वाचून दाखवा. शाळेच्या पायरीवर बसून मी फोनमधून चारही पानं वाचली. निम्मं त्यांना कळलं नसेल, पण शेवटपर्यंत त्यांनी ऐकलं.

"लय चांगलं लिवलंय, बाई," ते म्हणाले. "थोडं वंगाळ लिवलं असतं, तर चाललं असतं."

कुणी शिव्या दिल्या असत्या तर मी विसरले असते.

गुरुजी अजून येतात. डोळे कमी झालेत, वही नाकाशी धरतात. नवा अर्ज, नवी तपासणी, हे आता आम्हा दोघांच्या हातून व्हायचं नाही. तुम्हा दोघांचा तर संगणक हा रोजचाच धंदा. सांभाळणारा म्हणून तिथे फक्त एक नाव लागतं. तुमच्यापैकी कुणाचंही चालेल. तुमच्या मराठीतल्या चुका मी आजवर खुणा करून परत पाठवत आले; म्हणूनच बहुधा तुमची पत्रं बंद झाली. या खेपेला वेलांटी चुकली तर चुकू द्या. हो म्हणा किंवा नाही म्हणा, पण आजच लिहा.