निळ्या पिंपातलं पाणी

नोकरीत बरेच गुन्हे उघडकीस आणले. हा मात्र आजही डोक्यातून जात नाही, कारण यातली पहिली चूक माझी होती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नेवासे तालुक्यातल्या एका ठाण्यात मी नवा फौजदार होतो. शुक्रवारी दुपारी खबर आली, की गुरांच्या बाजारात पाणी पिऊन चार म्हशी आणि एक बैल तोंडाला फेस येऊन मेले. पोचलो तेव्हा गर्दीने आरोपी ठरवलासुद्धा होता. बाजारात गुरांना पाणी भरणारा, साठीतला एक बौद्ध गृहस्थ. एक व्यापारी माझ्या कानाशी लागला.

"साहेब, ह्यांचं लई जुनं हाय. ढोराला विष घालायचं आन् कातडं न्यायचं."

कॉलेजात असताना जातीविरुद्ध पत्रकं लिहून मी चौकात वाटली होती. तरीही त्या म्हाताऱ्याचा दंड धरून भरल्या बाजारातून त्याला जीपमध्ये घातलं. जमाव शांत करायला, असं स्वतःला सांगितलं. पंचनाम्यात 'पाण्यासाठी आडवे कापलेले निळे पिंप' एवढंच लिहिलं आणि त्याकडे नीट पाहिलंही नाही.

ठाण्यात मी त्याला अरेतुरे करत कातड्याचंच विचारत राहिलो. तो चिडला नाही.

"छप्पन सालानंतर बापानं मेलेलं ढोर वढायचं सोडलं, साहेब. घरात दाना न्हवता तवा सोडलं. आता मला कातडं कशाला?"

मग पिंप कुठून आणलं ते विचारलं. बाजारातली गुरांना पाणी पाजायची जुनी दगडी डोण फुटली म्हणून भंगारवाल्याकडून घेतलं, दोनदा धुतलं, असं तो म्हणाला. वर कौतुकाने सांगू लागला, "परदेशी कंपनीचा माल, लई मजबूत. दोन घेतले. एक कापून बाजारात ठिवलं, दुसरं घरी. सुनेनं आज भरलं आसंल."

मी पेन खाली ठेवलं. विष घालणारा माणूस तसलंच पिंप घरी नेत नाही. विष पिंपातच होतं आणि त्याचं जोडपिंप घरी भरलेलं होतं, हे त्याच्याही त्याच क्षणी ध्यानात आलं. त्याच्या घराच्या वाटेवर तो एवढंच म्हणत होता, "जरा बिगी चला, साहेब."

पिंप दारात काठोकाठ भरलेलं होतं. सून म्हणाली, "वास मारतंय, मामा. प्यायला न्हाई घेतलं, धुन्याला ठिवलंय."

पिंपावर अर्धवट खरवडलेली चिठ्ठी होती. धोक्याची सूचना पाच भाषांत, त्यात आपली एकही नाही. कीटकनाशकाचा कच्चा माल. मेलेल्या गुरांच्या व्हिसेऱ्याच्या तपासणीत तेच विष निघालं. भंगारवाल्याने ती पिंपं परदेशी कंपनीच्या जवळच्याच कारखान्यातून उचलली होती. तिथल्या साहेबाने मला चहा पाजला. त्यांच्या मूळ देशात रिकामं पिंप भोकं पाडून, चेपूनच फाटकाबाहेर सोडतात, हे त्याने स्वतःच कबूल केलं. इथे का नाही, तर अख्ख्या पिंपाला भंगारात भाव जास्त. "तिकडचे कायदे वेगळे आहेत," तो शांतपणे म्हणाला. मी ते जबाबात जसंच्या तसं लिहिलं. दोषारोपपत्र गेलं ते एकट्या भंगारवाल्यावर. कंपनीचं नाव वरून गाळलं गेलं. जिल्ह्यात कारखाने यायला हवेत, असं मला तोंडी ऐकवण्यात आलं. मी लेखी हरकत घेतली, ती फायलीत राहिली.

म्हाताऱ्याला मात्र पिंप सापडलं त्याच संध्याकाळी ठाण्यात परत आणून, कागद करून सोडलं होतं, पण तो ठाण्यातून हलेना. म्हणाला, "जितनं नेलं तितंच सोडा. भरल्या बाजारात."

तसा शब्द दिला तेव्हा तो घरी गेला. पुढच्या शुक्रवारी, बाजाराच्या दिवशी, गणवेशात त्यांना घेऊन गेलो. भोंग्यावरून सांगितलं, की हे निर्दोष आहेत, विष कारखान्यातून आलं आणि यांना धरणं ही माझी चूक होती. कानाशी लागलेला तो व्यापारी म्हशीचे दात बघत राहिला.

तपास माणसापासून नाही, वस्तूपासून सुरू करावा, हे मी त्या दिवशी शिकलो. वस्तूच्या मागे गेलो असतो तर तासाभरात कारखान्याच्या फाटकाशी पोचलो असतो. गर्दीच्या मागे गेलो आणि गावातल्या सगळ्यात सोप्या माणसापाशी थांबलो. जगभर धंदा करणाऱ्यांना आपली ही सवय फार सोयीची पडते. त्यांच्या साहेबाला माझ्या जीपमध्ये कधी बसावं लागलं नाही.

बाजारवाल्यांनी म्हाताऱ्याला पुन्हा कामावर यायला सांगितलं. "आता दुसरा बगा," एवढं बोलून ते भर उन्हात पायी घराकडे निघाले. जीपमध्ये बसा म्हणालो, तर नको म्हणाले.