लवकर भरणारी बॅटरी

आमच्या चाळीत कुणी नारळ फोडला की शेजारचे काका मागच्या दारी हजर. खोबऱ्यासाठी नव्हे, करवंटीसाठी! ती मडक्यात घालायची, मडक्याचं तोंड लिंपून भट्टीत भाजायची, निघालेला कोळसा कट्‌कन मोडायचा, उन्हात धरून एक डोळा मिटून बघायचा आणि म्हणायचं, "आत जागा हवी, जागा!" छंदिष्ट माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण ती बहुधा नाणी नाहीतर पोस्टाची तिकिटं जमवतात.

काका मूळचे सांगलीकडचे, बोईसरच्या आमच्याच कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळायचे. काकू पालघरजवळच्या माहीमच्या. त्यांच्या भावाची तिथं नारळाची वाडी होती. आला की पोतंभर नारळ टाकायचा आणि हसायचा, "भावजी, आमी खोबरं खातो, तुमी करवंट्या खाता!"

बरं, हे नुसतं वेड नव्हतं. काकूंना दमा होता. वारा थांबला की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. आणि तारापूरला हाकेच्या अंतरावर वीज तयार होत असली, तरी आमच्याकडे ती घाईतल्या पाहुण्यासारखी यायची. जरा टेकली की निघाली. काकांनी ट्रकमधला छोटा पंखा ट्रकच्याच बॅटरीवर लावून दिला होता. पण ती बॅटरी भरायला अख्खी रात्र हवी. घाईनं कोंबायला गेलं की आतल्या शिशाच्या प्लेटा वाकायच्या. काकांना अशी बॅटरी हवी होती, जी वीज आहे तेवढ्या वेळात पोटभर घेईल.

परदेशातल्या कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं होतं, की मिठातला सोडियम कोळशाच्या बारीक फटींत शिरवता येतो. "शिरतो रे, पण रमतगमत शिरतो," ते मला सांगायचे. "त्याला पळत आत जाता येईल असा कोळसा सापडायला हवा. मीठ काय, खाडीवर ढीग पडलेत!"

मग करवंटी झाली, ताडगोळ्याचं साल झालं, भाताचं तूस झालं, चिकूच्या बिया झाल्या. एकदा काकूंचं लाटणंही भट्टीत गेलं. काकू चार दिवस बाटलीनं पोळ्या लाटत होत्या आणि येईल त्याला सांगत होत्या, "आमच्याकडे लाटण्यावर संशोधन चाललंय." प्रत्येक कोळसा काचेच्या बाटलीत बंद करून काका त्याला मीटर जोडायचे. काटा पळाला नाही की तारा उपटून टाकायचे आणि पुन्हा नवी करवंटी शोधायला निघायचे.

मे महिन्यात भर दुपारी वीज गेली. ट्रकची बॅटरी अर्धीमुर्धीच भरली होती. पंखा थोडा फिरला आणि थांबला. काकूंना पालघरला नेताना त्या वाटेतच गेल्या. सकाळी त्यांनी मला हाक मारून फणसाचे गरे दिले होते. मला अजून ते खरं वाटत नाही.

राख सावडायला आम्ही माहीमच्या स्मशानात गेलो. अस्थी मडक्यात भरून झाल्या आणि काका पुन्हा खाली वाकले. त्यांनी राखेतून एक कोळसा उचलला, कट्‌कन मोडला, उन्हात धरला, एक डोळा मिटला. मग तो रुमालात बांधून त्यांनी खिशात घातला.

आम्ही जागच्या जागी थिजलो. अहो, स्मशानातली पायाची धूळसुद्धा माणूस घरी नेत नाही! काकूंचा भाऊ किंचाळला, "भावजी, ठेवा तो खाली! माझी बाय हाय ती, करवंटी नाय!"

काका ऐकूच आलं नसल्यासारखे चालू लागले.

संध्याकाळी भाऊ माझ्याकडे आला. चेहरा पांढराफटक. "तुमचं ऐकतात ते. तेवढा कोळसा आणून द्या. समुद्रात सोडतो. नायतर तिला गती नाय मिळायची." मी त्याला प्रयोगशाळेच्या पायरीशी उभं केलं आणि आत गेलो.

मला उशीर झाला होता. कोळसा कुटून, पत्र्याच्या पातळ पट्टीला फासून, काचेच्या बाटलीत बंदही झाला होता. तारा जोडलेल्या होत्या. भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर भयंकर रागही आला.

"काका, हे काय केलंत तुम्ही?"

"आंब्याचं लाकूड होतं," ते म्हणाले. "बरा झालाय कोळसा."

मी मीटरकडे पाहिलं. काटा सरकत होता, पण अगदी हळू. करवंटीच्या कोळशाहूनही हळू.

"हाही पळत नाही," मी म्हणालो. "तारा काढा आणि मला द्या. भाऊ बाहेर थांबलाय."

काकांनी बाटलीवर हात ठेवला.

"राहू दे. सावकाश भरू दे. आता कुठं घाई आहे?"

मी बाहेर आलो आणि काका काय म्हणाले ते भावाला जसंच्या तसं सांगितलं. तो आत धावून जाणार असं वाटून मी दार अडवून उभा राहिलो.

"किती टाइम लागंल?" त्यानं विचारलं.

"रात्र जाईल."

"मग भरू दे," तो म्हणाला, आणि पायरीवर बसला.