काशीराम मास्तर पुन्हा आठवीत

काशीराम घरत पनवेलच्या शाळेत बावीस वर्षं इंग्रजी शिकवत होते. उतारा वाचायचा, त्याचा मराठी अर्थ सांगायचा आणि चुकेल त्याला छडी, एवढीच त्यांची पद्धत. एकसष्ट सालच्या मे महिन्यात खात्याचा हुकूम आला. इंग्रजीच्या शिक्षकांनी सुट्टीत तीन आठवड्यांचा प्रशिक्षणवर्ग करावा. प्रमाणपत्र नसेल त्याचे इंग्रजीचे तास जूनपासून काढून घ्यावेत. तास जाणं म्हणजे भर बाजारात धोतर सुटणं, असं काशीरामांचं मत होतं. ते आले, पण डोक्यात राख घालूनच.

शिकवायला धर्मराज सबनीस, वय तीस, पँटीची इस्त्री कडक. नव्या पद्धतीत मराठीचा शब्द उच्चारायचा नाही. वस्तू दाखवून, कृती करून इंग्रजी शिकवायचं. सुट्टीमुळे मुलं नव्हती, म्हणून केस पिकलेल्या आम्हा मास्तरांनीच आठवीची मुलं व्हायचं. पहिल्याच दिवशी सबनीसांनी काशीरामांना दार सात वेळा उघडायला लावलं. शिपाई हसला. तेव्हापासून काशीरामांनी सबनीसांशी बोलणं टाकलं.

शेवटच्या दिवशी खात्याचे साहेब सबनीसांचा नमुना पाठ बघायला येणार होते. सबनीसांनी काशीरामांना बाजूला घेऊन दम भरला, "आज खऱ्या विद्यार्थ्यासारखं वागायचं. नाहीतर प्रमाणपत्र विसरा."

काशीरामांनी ते तंतोतंत पाळलं.

सबनीसांनी छत्री उंचावून इंग्रजीत विचारलं, हे काय आहे? काशीराम खिडकीबाहेर बघत राहिले. पुन्हा विचारल्यावर उठून म्हणाले, "नाय समजला, गुर्जी." छत्री उघडली, मिटली, पुन्हा उघडली. काशीरामांनी पाण्याला जाऊ का विचारलं. शेजारच्या शिवा मास्तरांनी पुढच्याला चिमटा काढला. पाच मिनिटांत हुबेहूब आठवी भरली. अकराव्यांदा उघडताना छत्रीची काडी मोडली आणि सबनीस अस्सल मराठीत ओरडले, "अरे गाढवांनो, छत्री आहे ही!"

साहेबांची लेखणी थांबली. काशीराम उठले. "आता समजला, गुर्जी."

प्रमाणपत्र मिळालं नाही. शेरा पडला, 'शिकण्यास अपात्र'. हेडमास्तरांनी माफीपत्र लिहायला सुचवलं, तर काशीराम म्हणाले, "त्यानं सांगितलं तसाच वागलो. माफी त्यानं मागावी." जूनपासून त्यांच्याकडे कवायत आली. नवा इंग्रजीचा मास्तर आठवीवर गेला की काशीराम नेमके त्या वर्गाच्या खिडकीखाली पोरं कवायतीला उभी करायचे, आणि त्यांच्या हुकमांचा आवाज बंदरापर्यंत जायचा.